अंदाज पुण्यात ठेवून या: जर्मनीत गाडी चालवायला शिकताना

संध्याकाळी सहाला चाकणच्या चौकातून ओरखडा न पडता गाडी बाहेर काढणाऱ्याला जगात कुठंही गाडी चालवता येईल, असं मला वाटायचं. श्टुटगार्टला आल्यावर पहिल्याच परीक्षेत नापास झालो. स्टिअरिंगवर हात बसलेला होता, घाटात क्लच धरायची सवय होती, रिव्हर्स तर डोळे मिटून. घोळ केला तो अंदाजानं.

पुण्यात आपण अंदाजावर गाडी चालवतो. रिक्षाचं पुढचं चाक किंचित तिरकं झालं की ती वळणार. दुचाकीवरच्या काकूंनी पाय खाली सोडला की त्या थांबणार, किंवा उलट्या दिशेनं निघणार. पीएमपीची बस इंडिकेटर देवो न देवो, बाहेर येणारच. यातलं काही चुकीचं नाही, तिथं जगायला ते लागतंच. पण जर्मनीत समोरचा माणूस नियमात लिहिलंय तेच करणार, असं धरून सगळे चालतात आणि तुम्हीही तेच करणार असं धरतात. कुणी कुणाचा अंदाज घेत नाही. भारतातून नव्यानं आलेल्या ड्रायव्हरनं एवढी गाठ मनात बांधली की पुढचं बरंचसं आपोआप जमतं. चाकण-हिंजवडीहून इकडं बदली होऊन येणाऱ्यांची संख्या बरीच आहे आणि प्रत्येकजण मला तेच आठ-दहा प्रश्न विचारतो, म्हणून एकदाचं क्रमानं लिहून काढतोय.

पायरी १: निघण्याआधी आरटीओ

आंतरराष्ट्रीय परमिट भारतात असतानाच काढा. चारचाकीचं चालू लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. ते नसेल तर इथं लायसन्सचं अधिकृत जर्मन भाषांतर करून घ्यावं लागतं, आणि त्याचे पैसे युरोत जातात. नुसत्या परमिटवर गाडी चालवता येत नाही, मूळ लायसन्स सोबत हवंच. लायसन्सवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळतंय का, तेही बघून घ्या. एकीकडं वडिलांचं नाव मधे आणि दुसरीकडं नुसतं आडनाव, असा प्रकार आपल्याकडं घरोघरी असतो.

पायरी २: सहा महिन्यांचं घड्याळ

इथं राहायला आल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. परमिटची मुदत वर्षाची असली तरी तुम्हाला मिळतात सहाच. बहुतेकांचा गोंधळ इथंच होतो. एकूण मुक्काम बारा महिन्यांपेक्षा जास्त नाही हे कागदोपत्री दाखवता आलं तर मुदत वाढवून मिळू शकते, नाहीतर नाही.

सहा महिन्यांनंतर चालवलं तर ते विनालायसन्स चालवणं ठरतं. आपल्याकडं मामांनी अडवलं की पावती फाडून विषय संपतो. इथं हा फौजदारी गुन्हा आहे आणि कायद्यात त्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘दोन महिने वर झालेत, कोण बघतंय’ हे वाक्य मी स्वतः एका मित्राकडून ऐकलंय. व्हिसावर आलेल्या माणसानं असला जुगार खेळू नये.

पायरी ३: लायसन्स बदलून घेणं

याला जर्मनमध्ये उमश्राइबुंग म्हणतात. काही देशांची लायसन्सं बिनपरीक्षा बदलून मिळतात, पण त्या यादीत भारत नाही. त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. दिलासा एवढाच, की इथल्या नवशिक्यांना जे सक्तीचे तास घ्यावे लागतात ते आपल्याला माफ आहेत. नवशिक्याचे अडीच-तीन हजार युरो सहज जातात, आपलं त्याहून बऱ्याच कमीत भागू शकतं. ‘शकतं’ म्हणालो, कारण ते तुमच्या सवयी किती लवकर सुटतात यावर आहे.

आधी डोळ्यांची तपासणी, पासपोर्ट पद्धतीचा फोटो आणि प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग उरकून घ्या. हा वर्ग कंटाळवाणा वाटतो, पण मन लावून करा. अपघात दिसला आणि मदत न करता पुढं गेलात तर इथं तो गुन्हा आहे. ‘पोलिसांच्या भानगडीत नको पडायला’ असं ऐकत आपण मोठे झालो. भारतातही मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्याचं संरक्षण मिळालंय, पण मनातली भीती अजून तिथंच आहे.

लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. मराठी-हिंदी नाही. तीस प्रश्न असतात, चुकलेल्या प्रश्नांचे गुण साठत जातात आणि दहाच्या वर गेले की नापास. पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच होते, तरीही नापास. आपल्या लर्निंग लायसन्सच्या परीक्षेसारखं आदल्या रात्री वाचून जमत नाही. मोबाइलवर प्रश्नसंच मिळतात, महिनाभर रोज अर्धा तास द्या.

प्रत्यक्ष परीक्षा जर्मनमधून होते आणि फारशूले म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमार्फतच द्यावी लागते. भाषा फार लागत नाही: पुढच्या चौकात डावीकडे, गोल चौकातून तिसऱ्या रस्त्यानं बाहेर, इथं गाडी लावा. एवढी पंधरा-वीस वाक्यं कानावर बसली की झालं. आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढून पास झालेल्या पिढीला इथली पंचावन्न मिनिटांची परीक्षा लांबलचक वाटते. परीक्षक मागच्या सीटवर, इन्स्ट्रक्टर शेजारी. शेजारच्यानं त्याच्याकडचा ब्रेक दाबला की परीक्षा तिथंच संपली.

सर्वांत जास्त भारतीय ज्यात मार खातात ती गोष्ट म्हणजे शुल्टरब्लिक. वळण्याआधी, लेन बदलण्याआधी, कडेहून निघण्याआधी मान वळवून खांद्यावरून मागं बघायचं. आरसा पुरत नाही. मी आरशात बघायला लागलो यालाच आपल्याकडं लोक शिस्त म्हणायचे. इथं मान वळलेली परीक्षकाला दिसली पाहिजे. नाही दिसली तर तुम्ही बघितलंच नाही.

पास झालात की जर्मन लायसन्स हातात देताना भारतीय लायसन्स काढून घेतात, म्हणून त्याची प्रत ठेवा.

पायरी ४: पहिले चार दिवस, उजवी बाजू

गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि स्टिअरिंग डावीकडं असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर पेट्रोल पंपातून बाहेर पडताना आठवणं वेगळं. गर्दीत चूक होत नाही, पुढच्याच्या मागं जायचं असतं. चूक होते ती एकट्यानं असताना.

मला कामी आलेली खूण अशी: ड्रायव्हर कायम रस्त्याच्या मधल्या रेषेकडं असतो आणि शेजारी बसलेला फुटपाथकडं. हे भारतातही खरं आहे, इथंही. बायको झाडांच्या बाजूला आहे ना, मग मी बरोबर आहे. वळताना आपल्याकडं डावं वळण छोटं आणि उजवं मोठं. इथं उजवं छोटं आणि डावं मोठं. गोल चौकात घड्याळाच्या उलट दिशेनं फिरायचं. आत शिरताना इंडिकेटर द्यायचा नाही, बाहेर पडताना द्यायचा.

तुम्ही मारुती किंवा ह्युंदाईवर शिकलेले असाल तर पहिले काही दिवस वळताना वायपर चालू होईल. इंडिकेटरची दांडी इथं डावीकडं असते. हसू द्या लोकांना.

गावात वेग ५०, गावाबाहेर साध्या रस्त्यावर १००. पण ‘५०’ अशी पाटी शोधत बसू नका. गावाच्या नावाची पिवळी पाटी दिसली की ५० सुरू. त्याच पाटीवर नावावर लाल तिरकी रेघ दिसली की संपलं. आपण गावाच्या नावाची पाटी ‘आलं का वाई’ एवढ्यापुरती वाचतो, इथं ती वेगमर्यादेची पाटी आहे.

सिग्नलचीही गंमत आहे. दिवा थांबण्याच्या रेषेजवळच असतो, चौकापलीकडं दुसरा असेलच असं नाही. सवयीनं झेब्रा क्रॉसिंगवर जाऊन उभे राहिलात तर दिवा तुमच्या डोक्याच्या मागं जातो आणि हिरवा कधी झाला ते कळत नाही. मग मागचा हॉर्न देतो, आणि इथं कुणी हॉर्न दिला की कान लाल होतात.

पायरी ५: उजव्याला आधी

आता मुख्य गोष्ट. रेख्ट्स फोर लिंक्स, म्हणजे उजवीकडचा आधी. ज्या चौकात सिग्नल नाही, पाटी नाही, तिथं उजवीकडून येणाऱ्या गाडीचा हक्क. रस्ता लहान की मोठा, तुम्ही सरळ चाललाय की नाही, याचा संबंध नाही. तीसची वेगमर्यादा असलेल्या वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये बहुतेक ठिकाणी हाच नियम. उजवीकडच्या बोळातून एखादी आजी बारक्या गाडीतून येते आणि तुमच्याकडं न बघता सरळ निघून जाते. पुण्यात आपण म्हणालो असतो, ‘काय बाई आहे, बघत पण नाही.’ ती बघत नाही, कारण तिला बघायची गरज नाही. तुम्ही थांबणार हे तिला ठाऊक आहे. तिनं बघायचंय ते तिच्या उजवीकडं.

हा नियम भारतात नाही असं समजू नका. आपल्या वाहतूक नियमावलीतही, मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर चौकात उजवीकडच्याला वाट द्यावी, असंच लिहिलेलं आहे. १९८९ पासून. मी तो पहिल्यांदा वाचला जर्मनीत आल्यावर. आपल्याकडं चौकात आधी जातो तो ज्याची गाडी मोठी, किंवा ज्याची गाडी जुनी.

अपवाद लक्षात ठेवा. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी दिसली तर तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात, वाट तुमची. कड उतरती केलेल्या फुटपाथवरून किंवा मुलं खेळायच्या रस्त्यातून बाहेर येणारा उजवीकडून आला तरी त्यानं थांबायचं. त्या खेळायच्या रस्त्यावर तुमचा वेग चालत्या माणसाइतका. आणि उजवीकडं वळताना, तुमच्या उजव्या अंगाला सायकलवरून सरळ जाणारा आधी. हा नियम विसरल्यानं माणसं मरतात.

माझ्या नापास होण्याची कथा इथली. उजवीकडून मी येत होतो, वाट माझी. डावीकडून आलेली बाई शहाण्यासारखी थांबली. मला वाटलं, बाई माणूस आहे, जाऊ दे. मी थांबलो आणि हातानं ‘जा’ केलं. तिला कळेना, ती थांबूनच. मी दोन सेकंद वाट बघून निघालो आणि नेमकी तीही निघाली. शेजारून ब्रेक दाबला गेला. परीक्षक मागून शांतपणे म्हणाला, तुमची वाट होती, तुम्ही जायला हवं होतं. पुन्हा परीक्षेला दोन आठवडे थांबावं लागलं. आपल्या गावी सौजन्य म्हणतात ते इथल्या चौकात गोंधळ ठरतं. हक्क तुमचा असेल तर जा, नसेल तर थांबा.

पायरी ६: हॉर्न, डिपर, हात

हॉर्न धोका असेल तरच. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ट्रकच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ बंद केलं तेव्हा आपण हसलो होतो. इथं खरोखर महिना महिना हॉर्न वाजत नाही.

डिपरचा अर्थ मात्र उलटा आहे आणि तो जीवावर बेतू शकतो. आपल्याकडं अरुंद पुलावर समोरच्यानं डिपर मारला की अर्थ: मी येतोय, तू थांब. इथं बहुतेक वेळा अर्थ: मी थांबलोय, तू ये. कायद्यात दोन्ही बसत नाहीत, म्हणून डिपर बघून निघू नका आणि स्वतः मारूही नका. ऑटोबानवर मागून मारला तर मात्र अर्थ सरळ आहे, बाजूला हो.

हातवारे टाळा. मधलं बोट दाखवणं, वेडा आहेस का अशी कपाळावर टिचकी दाखवणं, हे इथं अपमानाच्या गुन्ह्यात येऊ शकतं आणि लोक खरंच तक्रार करतात. मराठीत पुटपुटा, काच बंद ठेवून.

पायरी ७: ऑटोबान

वेगमर्यादा नाही हे अर्धवट खरं आहे. बऱ्याच भागात पाटी असते, आणि नसेल तिथं १३० चा सल्ला आहे. त्याहून जोरात जाऊन अपघात झाला तर दोषाचा थोडा वाटा तुमच्याही पदरात येऊ शकतो.

द्रुतगती मार्गावर मुंबईहून येताना ट्रक उजव्या लेनमध्ये ऐंशीनं चाललेला असतो आणि आपण डावीकडून कट मारून पुढं जातो. इथला नियम असा: चालायचं उजव्या लेनमध्ये, डावी फक्त ओव्हरटेकसाठी, आणि ओव्हरटेक झाला की परत उजवीकडं. उजवीकडून ओव्हरटेक केलात तर १०० युरो दंड आणि लायसन्सच्या नावावर एक दंडाचा गुण. डावीकडं जायच्या आधी आरसा, मग खांदा, मग पुन्हा आरसा. दोनशेच्या वेगानं येणारी गाडी आधी ठिपका दिसते आणि दहा मोजेपर्यंत तुमच्या बंपरला असते.

अंतर: वेगाच्या निम्मे मीटर. १२० ला ६० मीटर. कडेचे पांढरे खांब ५० मीटरवर असतात, ते मोजा. पुण्यात एवढी जागा सोडली तर त्यात चार गाड्या आणि एक टेम्पो घुसेल. इथं कुणी घुसत नाही, हे पटायला मला वर्ष लागलं.

गर्दीत गाड्या मंदावल्या की रेटुंग्सगासे करायचा, म्हणजे रुग्णवाहिकेची वाट. अगदी डाव्या लेनमधले डावीकडं सरकतात, बाकी सगळे उजवीकडं. उजवा पंजा पालथा ठेवा: अंगठा म्हणजे डावी लेन, अंगठा आणि तर्जनीतली फट म्हणजे वाट. भोंगा ऐकू येण्याची वाट बघायची नाही, वेग चालत्या माणसाइतका झाला की लगेच. नाही केलं तर किमान २०० युरो, दोन गुण आणि महिनाभर लायसन्स बंद. आणि मोकळी वाट दिसली म्हणून मधून गाडी काढायचा मोह, जो आपल्या रक्तात आहे, तो बांधून ठेवा.

ऑटोबानवर थांबायला बंदी आहे, कडेलाही. खंडाळ्याच्या घाटात कणसं खायला थांबतो तसं नाही. पेट्रोल संपून थांबलात तरी दोष तुमचाच.

बारीकसारीक

पंपावर कुणी ‘झिरो बघा साहेब’ म्हणत नाही. स्वतः भरायचं, पंपाचा आकडा लक्षात ठेवायचा, आत जाऊन पैसे द्यायचे. पार्किंगला काही ठिकाणी आल्याची वेळ दाखवणारी निळी चकती लागते. काटा पोचलेल्या वेळेवर नाही, पुढच्या अर्ध्या तासावर लावायचा. दहा वाजून दहा मिनिटांनी आलात तर साडेदहा. गाडी रस्त्याच्या उजव्या कडेलाच लावा, समोरच्या बाजूला जागा दिसली म्हणून तोंड उलटं करून नाही. हिवाळी टायर ऑक्टोबर ते ईस्टर हा लोकांचा ठोकताळा आहे. कायदा म्हणतो बर्फ-निसरडं असेल तेव्हा लागतातच, आणि आता डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेलेच चालतात.

दारूचं: इथं रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा दर हजारी ०.५, भारतात त्याहून कडक, ०.३. फरक आकड्याचा नाही, इथं फुंकायला लावतील याची खात्री जास्त आहे. नवीन लायसन्सच्या पहिल्या दोन वर्षांच्या परिविक्षेत मर्यादा शून्य.

कॅमेरा समोरून फोटो काढतो, तोंडासकट. चार आठवड्यांनी पत्र येतं. गावात १० पर्यंत जास्त वेग असेल तर ३० युरो, २१ पासून गुणही. गुण फ्लेन्सबुर्गच्या कार्यालयात साठतात, आठ झाले की लायसन्स जातं. आलेलं पत्र जर्मन आहे म्हणून ड्रॉवरमध्ये टाकू नका. हरकत घ्यायची तर दंडाचा आदेश मिळाल्यापासून दोन आठवडे असतात.

आणि उभ्या गाडीला घासली तर काचेवर चिठ्ठी ठेवून जाऊ नका. आपल्याकडं चिठ्ठी ठेवली तर तुम्हाला देवमाणूस म्हणतील, इथं तो पळून जाण्याचा गुन्हा होतो. मालकाची वाट बघा, नाही आला तर पोलिसांना फोन करा. माझा हात फोन लावताना थरथरत होता. दोन पोलीस आले, फोटो काढले, एक फॉर्म भरला, विम्याचा नंबर घेतला आणि जाताना म्हणाले, पुढच्या वेळी बाजूच्या गाडीपासून अजून थोडं लांब थांबा.

डिसेंबरमध्ये पुण्याला गेलात तर पहिले दोन दिवस गाडी भावाला चालवू द्या. मी गेल्या वेळी नळ स्टॉपला उजवीकडच्यासाठी थांबलो. उजवीकडून सत्तावीस गाड्या गेल्या, मागच्यांनी माझ्या सात पिढ्या मोजल्या आणि वळायला म्हणून दांडी दाबली तर वायपर सुरू झाला.